दांडा की बटण

दादा आणि मी, दोघे भाऊ प्लंबर. नव्वदनंतर नारायणगावच्या आसपास बंगले उठू लागले तसं आमचं काम वाढलं. लोखंडी पाइपांना हातानं आटे पाडायचे ते दादानंच. तिथं तो मला फिरकूही देत नसे. पुढं अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले प्लास्टिकचे पाइप आले. त्यांना आटे नाहीत. जोडावरची कडी यंत्रानं दाबून बसवायची. यंत्रं दोन तऱ्हेची. एक हायड्रॉलिक, हातानं दांडा मारून दाब चढवायचं. दुसरं बॅटरीचं, बटण दाबलं की झालं. दुकानदारानं वारूळवाडीच्या एका कामावर दोन्ही वापरून बघायला दिली.

दादाचं ठरलेलंच होतं. "दिवस-दिवस लाईट नसती. बॅटरी काय तोंडाकडं बघून भरणार? दांड्याचंच घे. आपला हात जगन्नाथ!"

यात खोट काढायला जागा नव्हती. भारनियमनानं तेव्हा सगळ्यांना रडकुंडीला आणलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी भर कामात बॅटरी खरंच बसली. दादा इतका खूश झाला, की मला रागच आला.

मग तो दांड्याचं यंत्र घेऊन शिडीवर चढला. जोड छताजवळ होता. त्यानं चार-पाच दांडे मारले आणि उजवा हात खाली आला. पुन्हा वर नेला, पुन्हा आला.

"वरचं तू कर," उतरून तो म्हणाला, "मी खालचं बघतो."

असं तो कधीच म्हणाला नव्हता. संध्याकाळी मी वहिनीला गाठलं. तिच्याकडून कळलं, दादाचा खांदा वर्षभर दुखत होता. सदऱ्यात हात घालायलाही तिची मदत लागायची. कुणाला सांगायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

मला धास्तीच वाटली. दांड्याचं यंत्र घेतलं असतं तर दादा लवकरच घरी बसला असता, आणि घरी बसलेला दादा मला कल्पनेतही बघवत नव्हता. पण खांद्याचं नाव काढायची सोय नव्हती. मोडेन पण वाकणार नाही, असा माणूस. हट्टानं तेच यंत्र उचललं असतं.

दुकानात मी म्हणालो, "बॅटरीचंच घेऊ. मला न्हाई मारवत तो दांडा."

दादा बघतच राहिला. "आन चार्जिंग?"

"द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला जनरेटर हाय. वॉचमन वळखीचा हाय. तिथं लावत जाईन."

"लई नाजूक झालास, राव," म्हणत तो हसला, पण नको म्हणाला नाही. तेव्हापासून कामावर निघालो की माझी मोटारसायकल आधी कोल्ड स्टोरेजला वळायची.

पुढं जुन्नरला एका घरी काम चाललं होतं. मालकानं विचारलं, "भाऊ, हातानं दाबायचं यंत्र स्वस्त मिळतं ना? मग हे कशाला?"

दादा शिडीवर होता. यंत्र डाव्या हातानं उचलून जोडाला भिडवत तो म्हणाला, "काय करता! धाकट्याच्या हातात दम न्हाई. त्याच्यापायी घ्यावं लागलं."

मालक माझ्याकडं बघून हसला. मी खाली शिडी धरून उभा होतो.

"खरंय," मी म्हणालो.