आधी समेट, मग प्रभुभोजन

रेव्हरंड प्रभाकरराव, म्हणजे आम्हा सर्वांचे आबा, यांची आणि माझी पहिली भेट माझ्या इच्छेने झाली नाही. वडिलांनी मला त्यांच्यापुढे उभे केले होते. आबा तेव्हा शिंदखेड्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून नुकतेच आले होते. मी बारावी झाले होते. यावलच्या नात्यातल्या एका मुलाशी माझे लग्न ठरत आले होते, आणि मला जळगावला नर्सिंगला जायचे होते. घरात रोज भांडण. शेवटी वडील, त्यांना सारे नाना म्हणत, मला घेऊन पाळकांच्या घरी गेले.

"पाळकसाहेब, शास्त्रमा लिखेल शे ना, मायबापनं ऐकानं म्हणीसन? ते हिले वाची दखाडा," नाना म्हणाले.

आबांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडले, चष्मा लावला आणि मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे हे वचन शांतपणे वाचून दाखवले. नाना माझ्याकडे पाहू लागले. आबा मात्र पुस्तक मिटेनात. म्हणाले, "नाना, पुढेबी लिखेल शे. बापानी लेकरेसनं मन मोडू नये. हाईबी आज्ञाच शे. वाचू का?"

आबांनी मग मला विचारले, नर्स का व्हायचे आहे? माझे उत्तर त्यांनी नानांनाही ऐकू दिले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी लग्न वर्षभर थांबवण्याची विनंती केली. नानांनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी जळगावला गेले.

आबांच्या सेवेविषयी या गौरवग्रंथात इतर जण अधिकाराने लिहितील. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या मंडळ्यांत त्यांनी आयुष्य घालवले. खेड्यात अहिराणीत उपदेश केला, शहरात प्रमाण मराठीत. दोन्हीकडे त्यांचा विषय बहुधा एकच असे. प्रभूवर प्रीती असेल तर ती त्याच्या आज्ञा पाळण्यात दिसते. हे वाक्य व्यासपीठावरून पुष्कळांनी म्हटलेले आम्ही ऐकले आहे. आबांच्या बाबतीत ते आम्ही भर उन्हात रस्त्यावरून चालत येताना पाहिले. तोच प्रसंग मला येथे सांगायचा आहे.

मी जळगावला गेल्यावर यावलच्या पाहुण्यांनी फार वाट पाहिली नाही. त्यांनी दुसरीकडे सोयरीक केली. भाऊबंद नानांना टोमणे मारू लागले. एका रविवारी उपासना सुटल्यावर नानांनी चर्चच्या आवारात सर्वांसमोर आवाज चढवला, "ह्या पाळकनी मन्ही पोर फितवी!"

आबा तेव्हा तरुण होते आणि रागीटही. ते ताडकन म्हणाले, "नाना, तुमले पोर नको, सांगेल ऐकनारी मोलकरीण पाहिजे!"

काही जण हसले. नाना मान खाली घालून घरी गेले, ते चर्चला यायचेच बंद झाले. माझ्याशी त्यांनी बोलणे सोडले. सुट्टीत मी घरी आले तरी जे सांगायचे ते आईमार्फत सांगत. मंडळीत सर्वांचे म्हणणे एकच होते, पाळकसाहेब बरोबर बोलले. मलाही तसेच वाटत होते.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना प्रभुभोजनाचा, म्हणजे मंडळीने प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा, रविवार आला. आई चर्चला गेली होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. नाना खाटेचे सुंभ आवळत होते. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आबा दिसले, अंगात उपासनेचा पांढरा झगा, डोक्यावर काही नाही, घामाने चिंब. चर्चमध्ये काय झाले ते मला नंतर आईने सांगितले. भाकर आणि प्याल्यावरचे पांढरे कापड काढायला आबांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "मंडळी, थोडे थांबा. मला एका भावाकडे जाऊन यायचे आहे," एवढे बोलून ते खाली उतरले आणि चालू लागले. कोणाला काही सुचेना. तेव्हा त्यांच्या पत्नी सुशीलाअक्का उठल्या, पेटीवर बसल्या आणि त्यांनी गीत धरले.

आबा आमच्या ओट्याखाली उभे राहिले. "नाना, त्या दिन मी चार लोकेसमा तुमना अपमान कया. माफी मांगाले येल शे."

नानांच्या हातातले सुंभ तसेच राहिले. "उपासना सोडीसन भर उनमा उनात का?"

"सोडी नही. थांबाडी. बठ्ठा लोके बशेल शेतस."

"मंग संध्याकायले येतात. इतली काय घाई व्हती?"

"प्रभूनी आज्ञा शे नाना. आधी भाऊसंगे समेट, मंग त्याना टेबलजोडे उभं ऱ्हावानं. मी आज हात पुढे कया आणि तुम्ही याद उनात."

नानांनी सुंभाची गाठ मारली. मग त्यांनी विचारले, "आणि पोरनं काय? तिले धाडी तेबी चुकनं का?"

एवढ्यावर सारे मिटले असते. आबांनी फक्त हो म्हणायचे होते.

"नही," आबा म्हणाले. "ते चुकनं नही. त्यानी माफी मी मांगाव नही. बोलनू ते वाईट बोलनू, त्यानी मांगस."

नाना खाटेजवळून उठले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मन्हा धव्या सदरा काढी दे."

कित्येक महिन्यांत ते माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य. मी पांढरा सदरा आणून दिला. दोघे पुढेमागे चालत गेले, मी त्यांच्या मागे. चर्चमध्ये पाऊल टाकले तेव्हा गीत पुन्हा पहिल्या कडव्यापासून चालले होते. आबांनी हात धुतले, कापड काढले आणि पहिल्या रांगेत नानांना भाकर दिली.

पुढे मी नर्स झाले, तेव्हा नाना गल्लीत स्वतः पेढे वाटत फिरले. यावरून आबांचा विजय झाला असे कोणी म्हटले की आबांना ते आवडत नाही.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारले, "आबा, त्या दिवशी नानांविषयी तुमच्या मनात प्रेम होते का?"

ते मोकळेपणाने हसले. "छे! राग होता. जाताना वाटभर मनात भांडतच गेलो. पाय फक्त आज्ञेने चालत होते. परत येताना नाना शेजारी होते, त्यांची चप्पल तुटकी होती, म्हणून मी सावकाश चाललो. प्रेम तेव्हा वाटले."

मात्र आज्ञापालनाचा हा आग्रह त्यांनी स्वतःचा अधिकार गाजवण्यासाठी कधी वापरला नाही. मी जळगावच्या मंडळीत आले तेव्हा तेथेही आबाच पाळक होते. उपासनेला न येणाऱ्यांची नावे व्यासपीठावरून वाचावीत अशी सूचना एकदा पंचांच्या बैठकीत आली. आबा म्हणाले, "त्यापेक्षा त्यांच्या घरी चहाला जाऊ. आज्ञा प्रभूच्या आहेत, माझ्या नव्हेत. माझ्या असत्या तर लोकांनी मोडल्या तरी चालले असते." आणि त्या आठवड्यापासून ते खरोखरच घरोघर जाऊ लागले. माझ्या रात्रपाळ्यांच्या दिवसांत माझी मुलगी शाळेतून सुटून त्यांच्याच घरी जेवत असे. मी संकोचाने काही बोलू लागले की अक्का म्हणत, "पोळ्या लाटतेच आहे, एक जास्त लाटली, त्यात काय!"

आता आबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. जळगावातच मेहरूणच्या लहानशा घरात ते आणि अक्का राहतात. अक्कांची स्मृती हळूहळू गेली आहे. त्यांना आंघोळ घालणे, भरवणे, केस विंचरून वेणी घालणे, सारे आबा स्वतः करतात. परवा मी गेले तेव्हा वेणी चालली होती. अक्का चिडून सारखी मान फिरवत होत्या, "तू कोण रे? सोड मला!" आबा थांबत, हात बाजूला घेत आणि पुन्हा पहिल्यापासून पेड घालत.

"आबा, तुमचे फार प्रेम आहे अक्कांवर," मी म्हटले.

"काही दिवशी असते," ते म्हणाले. "काही दिवशी फक्त लग्नात दिलेले वचन असते. वेणी दोन्ही दिवशी घालायची." मग थोडे थांबून म्हणाले, "अगं, मागच्या आठवड्यात एका सकाळी तिने मला नावाने हाक मारली."

आबा, आम्हा साऱ्यांच्या वतीने प्रार्थना करते. तुमचे गुडघे तुम्हाला साथ देवोत, डोळ्यांना वाचता येत राहो, हात स्थिर राहोत. आणि अक्का तुम्हाला नावाने हाक मारतील अशा सकाळी प्रभूने तुमच्या वाट्याला अजून पुष्कळ राखून ठेवलेल्या असोत.