पत्रावळीखालची प्लेट

उष्ट्या पत्रावळ्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून मी लेकीची दातांची प्लेट शोधत होते. लग्न पुतण्याचं, आमच्या माले गावात, आमच्याच दारात. जेवायला बसताना शोभाने प्लेट तोंडातून काढून पत्रावळीखाली ठेवली. पंगत उठली, पत्रावळ्या गोळा झाल्या आणि प्लेट उकिरड्यावर गेली. सगळं वऱ्हाड बघत होतं.

प्लेट म्हणजे टाळूला बसणारी गुलाबी पट्टी आणि पुढच्या दातांवरून तार. शोभाचे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. शाळेत पडली, तेव्हा एका दाताचा तुकडा उडाला. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मॅलऑक्लूजन आहे." म्हणजे वरचे-खालचे दात जुळत नाहीत. "पुन्हा पडली तर दात मुळासकट जाईल. दर महिन्याला यायचं. जमत नसेल तर सुरूच करू नका."

उपचार फुकट होते, पण जायला-यायला एसटीने अख्खा दिवस जायचा. त्या दिवसाचा रोज बुडायचा. ऐन भातलावणीत मी दाताचा दवाखाना करते म्हणून भावकी हसायची.

सासूबाई म्हणायच्या, "पोटाला न्हाई आन् दाताला तार!"

"तुमचं दात ऱ्हायलं असतं तर कळलं असतं, आत्याबाई," मी म्हणाले. बोळक्या तोंडाने त्याच आधी हसल्या.

दवाखान्यात बाकावर शेजारी शहरातल्या बाया असत. "लग्नासाठी करताय ना?" एकीने विचारलं.

"भाकरी तोडता यावी म्हनून," मी सांगितलं.

दात निम्मे मागे आले होते, आणि आता प्लेट गेली. दुसऱ्या प्लेटचा नंबर लवकर लागत नसे. तोवर दात परत पुढे आले असते.

सासूबाई पदर खोचून उकिरड्यावर उतरल्या. "व्हा बाजूला. म्हशीनं खाल्ली तर तिचंच दात सरळ व्हतील!"

प्लेट त्यांनाच सापडली, वांग्याच्या भाजीत बरबटलेली. "खरकटी हाय," म्हणत मी काही बोलायच्या आत त्यांनी ती उकळत्या पाण्यात टाकली. बाहेर आली ती वाकडी. शोभाच्या तोंडात बसेना. शोभा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्याबरोबर एसटीत बसल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उकळली कोणी?"

"म्या. पोरीचा नंबर मागं टाकू नगा."

"आजी, हे काय अंडं आहे?" बाई हसल्या आणि त्याच दिवशी नवं माप घेतलं.

पुढे शेतात काम असलं की शोभाला पुण्याला सासूबाईच नेऊ लागल्या. माझा रोज वाचला, त्यांना एसटीची खिडकी मिळाली. ओठ मिटेपर्यंत एकही महिना चुकला नाही.

तुमच्या घरात कोणाला प्लेट बसवणार असतील तर जेवताना ती डबीत ठेवा. गार पाण्याने धुवा. आणि दर महिन्याला नेणारं माणूस आधी ठरवा.

सासूबाई पुढे म्हातारपणाने गेल्या. मी आहे. शोभा आहे, आणि तिचे सगळे दात तिच्या तोंडात आहेत.