मधल्या चोराजवळची चांदणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक जुना कॅमेरा घेणं. हिंगणीहून सकाळची एसटी धरली, वर्ध्याला उतरलो आणि लग्नाची शूटिंग करून थकलेले कॅमेरे विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसलो. मी चौथी नापास माणूस. कॅमेरा मला नको होता, बायकोला पाहिजे होता.

कारण चांदण्या. उन्हाळाभर आम्ही अंगणात बाजेवर झोपायचो. आमच्या गावाच्या अंगाला बोर धरणाचं जंगल, तिकडे दिवा नाही, आभाळ काळंभोर. पण दोन वर्षांपासून तिला चांदण्या दिसेनात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यावर आता इलाज नाही असं म्हणून डॉक्टर मोकळा झाला. तिला सगळं आभाळ नको होतं. एकच चांदणी पाहायची होती, अरुंधती.

त्याचं असं झालं होतं. लग्नात गुरुजी म्हणाले, नवरीला अरुंधती दाखवा. मला कुठली माहीत? मी बोट वर केलं अन् म्हटलं, ते पाह्य. तिनं मुकाट मान हलवली. दोन उन्हाळे गेल्यावर बाजेवर पडल्या पडल्या तिनंच मला खरी दाखवली. आभाळात बुढीचं खाटलं असते ना, म्हणजे सप्तर्षी, चार पाय अन् मागे लागलेले तीन चोर, त्यातल्या मधल्या चोराला चिकटलेली बारकी चांदणी. मग म्हणाली, "तुमी मले लग्नात भलतीच दाखवली वो."

ते जन्मभर ऐकवलं. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं की, "ज्याले अरुंधती नाई सापडली त्याले मीठ समजते का?"

मुलगी नागपूरला असते. ती फोनवर म्हणाली, आई, कॅमेरा डोळ्यापेक्षा जास्त पाहते, अन् फोटो मोठा करून पाहता येते. मोबाइलमध्ये काढून पाहिला तर नुसता अंधार आला. नवा कॅमेरा आमच्या ऐपतीचा नव्हता. म्हणून ते दुकान.

दुकानदारानं दोन ठेवले. एक हलका, चकचकीत. दुसरा जाड, कोपरे झिजलेले. मी म्हटलं, "हलका घे. मान दुखन तुही."

बाजारात तुरीची डाळ हुंगतात तसा तिनं चकचकीत कॅमेरा नाकाशी नेला. "याले कुबट वास येते."

दुकानदार हसला. मग मोबाइलचा उजेड काचेतून टाकला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. त्याचं तोंड उतरलं. "मावशी, उद्यापासून दुकानात येत जा."

"पगार सांग पहिले," ती म्हणाली. मग जाड कॅमेरा हुंगला. "हा कोरडा हाय. पण दिवसाही चालन ना? नुसत्या चांदण्यायसाठी एवढं कोण घेते? यायचा फोटो काढाचा हाय," तिनं माझ्याकडे बोट केलं, "वांग्यायचा काढाचा हाय."

"काका अन् वांगे, दोन्ही येतात याच्यात."

त्यानं समजावलं. हा वीस सेकंद डोळा उघडा ठेवते. धान्याच्या पिशवीवर ठेवा, हलवू नका. मला इंग्रजी येत नाही म्हणून चकतीवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करून दिली. आणखी एक सांगितलं: टोपण लावून तितकाच वेळ एक फोटो काढून पाहा. सगळा काळा आला पाहिजे. ठिपका दिसला तर तो मशीनचा, आभाळाचा नाही. हे इथंच पाहून घ्या म्हणाला. पण एसटीची वेळ झाली होती. मीच उठलो.

त्या रात्री अंगणात तुरीच्या पिशवीवर कॅमेरा ठेवला. वीस सेकंद आम्ही श्वाससुद्धा हळू घेतला. फोटो आला, आणि खाटलं अख्खं आलं. मी मोठं करत गेलो. मधल्या चोराजवळ एक तांबूस ठिपका होता. मी बोट ठेवलं. "ते पाह्य."

तिनं पडद्याला नाक लावलं. बराच वेळ पाहिलं. "दिसली," म्हणाली. "आता कुठी खरी दाखवली तुमी." अन् हसली. आणखी एक काढा म्हणाली. काढला. मग झोपलो.

पहाटे उठून बसली. घाम येऊन राह्यला म्हणाली. शेजाऱ्याची गाडी दारात येईपर्यंत ती गेली.

सकाळी घर बायांनी भरलं. मुलगी नागपूरहून निघाली होती, तिच्यासाठी थांबायचं होतं. मला कोणी काही करू देईना. मी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात बसलो. रात्रीचा दुसरा फोटो पाहिला. पिशवी थोडी सरकली असावी, खाटलं कडेला गेलं होतं. पण तांबूस ठिपका पडद्यावर होता तिथंच होता.

मी टोपण लावलं. वीस सेकंद थांबलो. फोटो काळा आला, अन् त्यात तो ठिपका.

म्हणजे पुन्हा भलतीच दाखवली.

पहिला फोटो परत पडद्यावर आणला अन् मोठा करत गेलो. दोनदा भलतीकडेच गेलो. मग सापडली. मधल्या चोराला चिकटून, दुसऱ्या अंगाला, बारकी, पांढरी. रात्रभर तिथंच होती.

मी उठून तिच्या उशाशी जाऊन बसलो. माझी वहिनी म्हणाली, "भाऊजी, ठेवा ना ते. आता काय फोटो काढता?"

"काढत नाई," म्हटलं. "दाखवून राह्यलो."

वहिनीनं सरकून जागा दिली. मी बायकोच्या कानाशी वाकलो. "अवं, रातची ते अरुंधती नोयती. मी चुकलो. हे पाह्य, हे इकडची." कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेला अन् पाहायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा धरून ठेवला.