डोळे आले नव्हते

आमच्या नातलगांत आता असे सांगितले जाते की, मी तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी भांडायला गेलो आणि ऐन पोळ्याला धाकट्या भावाला, वासुदेवाला, गोठ्यातून उचलून नेले. उचलून नेले हे खरे. उरलेले मी लिहितो.

पूर ओसरल्यावर अमरावतीहून अकोटची एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना कपाशी चिखलात लोळलेली, पुलांच्या कठड्यांना कडबा अडकलेला. अकोटच्या स्थानकावर आलूबोंडा कढईतून निघाला तसाच खाल्ला; पाणी मात्र घरून उकळून आणलेलेच प्यायलो. माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पाहून एक प्रवासी म्हणाला, “काकाजी, मासोया (मासे) धराले चालले काय?”

“पुराच्या पाण्यात उंदरांचे, गुरांचे मूत असते. पायाला चीर असली की रोग तिथून शिरतो.”

तो हसला. मी हसलो नाही.

गावी पोहोचलो तेव्हा वासुदेव खांदशेकणी (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळद लावून शेकणे) करीत होता. गोठ्यात पुराचा गाळ, टाचांना भेगा, आणि पाय अनवाणी. कारण या दिवशी आमच्याकडे बैलासमोर पायात काही घालीत नाहीत. अंगात ताप, डोळे लालबुंद.

“डोये आले त्यायचे,” त्याची बायको सुमन पदर सावरीत म्हणाली.

डोळे आले की चिपडे धरतात. मी पापणी ओढून पाहिली. चिपडाचा मागमूस नव्हता. पोटरी दाबताच तो कळवळला.

“लघवी कवा झाली?”

“सकाऊन. थोडीशी.”

“चाल दवाखान्यात.”

“उद्या पोया हाये, दादा. बैल कोन सजवन? तुमाले काहून एवढी घाई?”

मी जीप बोलावली.

अकोटच्या डॉक्टरांनी वासुदेव पुराच्या पाण्यात उतरला होता हे ऐकताच त्याचे रक्त घेतले आणि औषध सुरू केले. “पुराच्या पाण्याचाच रोग दिसतो. मूत्रपिंडांवर ताण आहे. लघवी उतरायला हवी,” एवढेच बोलले. न्यायालयात जन्मभर वाद घातलेला मी, त्या बाकावर वाद कोणाशी घालणार? दुसऱ्या दिवशी बाहेरून पोळ्याच्या बैलांच्या घुंगुरमाळा वाजत गेल्या. सुमन दाराला टेकून उभीच होती.

दुपार कलली तेव्हा ती माझ्यापुढे आली. लग्न होऊन आल्यापासून जिने माझ्यासमोर मान वर केली नव्हती, ती सर्वांदेखत म्हणाली, “भाऊजी, मुतले ते.”

अमरावतीस परतलो, तर घरी हाच विषय: पोळा बुडवला. ज्यांना त्याचे एवढे दुःख आहे, त्यांनी ते सुमनसमोर बोलून दाखवावे.