उसण आणि कळ

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले. आमच्या सेनगावाकडे अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, असं मानत. हळद काढायच्या दिवसांत निम्म्या गावाची कंबर धरायची आणि सकाळीच दारात हाक यायची, "पायाळू पोरगी उठली का?" मी नऊ-दहा वर्षांची. माणूस पालथा निजायचा. मी डावा पाय त्याच्या कमरेला तीनदा लावायचे, मग त्याच्या पाया पडायचे. गावच्या पाटलालाही मी लाथ मारलेली आहे. आत्या म्हणायची, "हिला एक दिस हैदराबादच्या दरबारातून बोलावणं येतंय बघा."

आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायची आणि गावातल्या बाळंतिणींना तेल लावायची.

एकदा वडील भर दुपारी शेतातून कंबर धरून आले. "पोरी, ये. उसण भरली," म्हणत ओसरीवरच्या घोंगडीवर पालथे झाले. मी पाय उचलला तोच ते कुशीवर वळले. पुन्हा पालथे झाले, उठून बसले, गुडघ्यांवर आले. मी एका पायावर लंगडीत उभी.

"पाय खाली ठेव," आत्या दारातून म्हणाली.

"आक्का, मधी बोलू नको. जीव चाललाय."

"आज काय उचललं व्हतं?"

"काय न्हाई. बैलांना पाणी दावलं."

"मग उसण काहून भरंल? दुखणं एका जागी हाय का फिरून राहिलं?"

वडिलांनी बरगडीखालून जांघेपर्यंत बोट ओढलं. "हितून निघतंय, हितं जातंय. जरा थांबतंय, मग पुन्हा."

"येती-जाती ती कळ. उसणीचा माणूस दगडावानी पडून राहतो, हलायला भेतो. तू तर भोवऱ्यावानी फिरून राहिला. खडा असंल."

मी पाय खाली ठेवला. कंबर तीच, पण एक दुखणं माणसाला हलू देत नाही आणि दुसरं थांबू देत नाही. इतक्या कमरा माझ्या पायाखालून गेल्या होत्या, आणि हे मला दिसलंच नव्हतं.

आई म्हणाली, "आक्का, एकदा लावू द्या पाय. काय बिघडतंय?"

आत्यानं हुलगे निवडता निवडताच सांगितलं, "माझ्या मालकाला दोन दिस असंच तुडवलं. तिसऱ्या दिशी गाडी जुंपली, तवा उशीर झाला व्हता."

खडा पडावा म्हणून तिनं हुलगे शिजवून त्यांचं पाणी पाजलं, गरम विटेचा शेक दिला आणि गड्याला गाडी जुंपून ठेवायला लावली. "दिवस मावळायच्या आत लघवी झाली न्हाई, का थंडी वाजली, तर हिंगोलीला डाक्टरकडं. माझ्या हुलग्यावर इसंबून बसायचं न्हाई."

वडील अंगणात फेऱ्या मारत होते. कळ आली की खांब धरायचे. एकदा घाम पुसत म्हणाले, "बाळंतपण हाय का काय हे, आक्का?"

"व्हय. आन् सुईण मीच."

उन्हं भिंतीवर चढली होती तेव्हा ते परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आई दाराशी उभी होती. आले ते सरळ चालत. लघवी धरायला त्यांच्याकडे दिलेलं जुनं मडकं आत्यानं फडक्यावर रिकामं केलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान, तपकिरी, काटेरी खडा.

"एवढंच?" वडील म्हणाले. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. हळदीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस. मी खडा बोटावर घेऊन फिरवून फिरवून पाहिला. एवढ्याशा कणानं त्यांना अंगणभर फिरवलं होतं, आणि तो आत आहे हे आत्यानं त्यांच्या नुसत्या वळवळण्यावरून ओळखलं होतं. गड्यानं बैल सोडले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका कंबर धरून आले आणि पालथे झाले. मी विचारलं, "एका जागी दुखतंय का फिरतंय?"

"लाथ मार गं, वैदकी नको करू," ते म्हणाले.

दुखणं एका जागी आहे की फिरतंय, हे काका सांगेपर्यंत मी पाय उचलला नाही.