बसलेला बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या बालवाडीत मातीचे बैल करायचे होते, आणि प्रत्येक मुलामागे घरचं एक मोठं माणूस बोलावलं होतं. जाणार होती बायको. तिला ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही, म्हणून नाइलाजानं मला धाडण्यात आलं. निघताना तिनं एकच सांगितलं, "हात खिशात ठेवजा."

तिला असं सांगावं लागलं, कारण शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी आमच्या पोट्टीनं वर्गात कशालाच हात लावला नव्हता. बाकीची मुलं भिजवलेले चणे सोलत, रंगात तळवे बुडवत. ही दोन्ही हात पाठीमागे बांधून सगळं बघत उभी. वर्गाच्या दीदींनी बायकोला विचारलं होतं की घरी तिला काही करू देता की नाही. बायकोनं ते मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पंख्याकडे बघितलं. इथं हिंदी मुलखात, भनपुरीच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. वाकडं दिसलं की माझे हात आपोआप तिकडे जातात. पोरीनं लाटलेली पोळी मी गोल करतो. तिनं रचलेला मनोरा मी सरळ करतो. रंग रेघेबाहेर गेला की खोडरबर घेऊन हजर. आता दीदींना हे कोणत्या तोंडानं सांगणार?

शाळा तेलीबांध्याच्या बाजूला, हिंदी माध्यमाची; पोट्टीही आता हिंदीतच बोलायची. वर्गात मोठ्यांना बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या. मी बसलो तेव्हा माझे गुडघे कानाला लागले. दीदींनी सांगितलं, आज फक्त बघायचं, मदत करायची नाही. मग प्रत्येक मुलासमोर काळ्या मातीचा गोळा आणि पाण्याची वाटी आली.

कितीतरी वेळ माझी पोट्टी गोळ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मी उठलो, खिडकी उघडली. बसलो. पुन्हा उठून ती बंद केली. शेजारच्या पोरानं वाटी सांडली, तर मी रुमाल काढून टेबल पुसायला लागलो. दीदी म्हणाल्या, "भैया, आप बैठिए ना." मी बसलो. घड्याळ बघितलं. दोनच मिनिटं झाली होती.

आणि मग तिनं एक बोट मातीत घातलं. बाहेर काढून बघितलं. पुन्हा घातलं, या वेळी अख्खी मूठ. मी खुर्चीच्या कडा धरून ठेवल्या. अर्ध्या तासानं तिच्यासमोर एक ऐवज तयार झाला: एक लांबट गोळा, एकाच बाजूला चार पाय, शिंगं कुठंच नाहीत. दीदींनी विचारलं, हा बैल उभा काहून नाही? म्हणजे त्यांनी ते हिंदीत विचारलं. पोट्टी कोपरापर्यंत माखलेली, गंभीर. म्हणाली, "थक गया है. बैठा है."

दीदींनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, झालं बघा. मी खुशीत मान डोलावली. तेवढ्यात मुलांना हात धुवायला नळावर नेलं.

आता बैल आणि मी, दोघंच उरलो. एक पाय निखळायला आला होता. तो तेवढा दाबावा म्हणून मी वाकलो. पाय दाबला तर पोट चपटं झालं. पोट नीट केलं तर चारही पाय एका बाजूला बरे दिसेनात. लहानपणी तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोरांच्या पोळ्यात, मी केलेल्या बैलाचं फार कौतुक झालं होतं, ते नेमकं तेव्हाच आठवावं. मुलं परत आली तेव्हा टेबलावर चार पायांवर उभा, शिंगं रोखलेला, देखणा बैल होता. खरं सांगतो, वर्गात तेवढा चांगला दुसरा नव्हता.

तिनं टेबलावर बघितलं, खाली बघितलं, खुर्चीमागेही बघितलं.

"मेरा वाला कहाँ गया?"

"हा काय, तुझाच तर आहे बेटा. थोडासा पाय सुटला होता."

"ये मेरा नहीं है," ती म्हणाली. "मेरा तो बैठा था."

मग तिनं धुतलेले हात पाठीमागे नेले. ती रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. मी घाईघाईनं बैल मोडून गोळा केला आणि तिच्यापुढे ठेवला. तिनं तो घेतला नाही. दीदींनी माझ्यासमोर हात धुवायचं पाणी आणून ठेवलं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे आधी अर्धं, मग तिनं खोदल्यावर उरलेलं. ती म्हणाली, "उद्या माती आणजा. अन् तुम्ही तिथं थांबू नका."

पोळ्याच्या सकाळी पुरानी बस्तीतल्या कुंभाराकडून माती आणली. तो तयार बैल दाखवत होता, मी साधी मातीच मागितली. बायकोनं परातीत गोळा आणि वाटीभर पाणी बाल्कनीत ठेवलं, पोरीला तिथं सोडलं, आणि मला स्वयंपाकघरात पुरणाची डाळ वाटायला बसवलं. डाळ वाटून झाली. डबे पुसून झाले. बाल्कनीतून काही आवाज नाही. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा बायकोनं नुसतं बघून परत पाठवलं. नळाची गळती दुरुस्त करायला घेतली, ती वाढली.

शेवटी फटकन ओली माती आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मी पाना हातात घेऊन तसाच दारामागे गेलो. पलीकडून तिनं माझी चाहूल ओळखली.

"पापा, इधर मत आना."

"नाही येत," मी म्हणालो.

थोड्या वेळानं दार वीतभर उघडलं आणि चिखलानं भरलेला हात रिकामी वाटी घेऊन बाहेर आला. मी वाटी भरली, भिंतीकडे तोंड करून तिच्या हातात दिली. दार लागलं. मी तिथंच उभा राहिलो. माझ्या बाहीला तिच्या मातीचा डाग लागला होता. तो मी पुसला नाही, पण हे कबूल करतो की तीनदा रुमाल बाहेर काढला होता.