पलीकडून आलेला ळ

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक अनुभव मनातल्या मनात खोडत वाचतो. इथे वारा असणार, तिथे मांजर असणार, या बाईंना झोप नीट झाली नसणार... माझं कामच तसं आहे. मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीत मी एस्टिमेशन बघतो. जे मोजता येत नाही ते मी दरपत्रकात धरत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण गेल्या डिसेंबरपासून एक गोष्ट माझ्याकडे तशीच पडून आहे आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आम्ही मस्कतमध्येच, अझैबाला राहतो. मी, बायको शुभदा आणि बारा वर्षांची मुलगी रेवा. रेवाचा जन्म इथलाच, शाळा इंडियन, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत. घरी मराठी बोलायची, पण अडखळत, आणि तिला ळ कधी जमला नाही. केळं म्हणजे ‘केलं’, डोळा म्हणजे ‘डोला’. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दर थंडीत व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून येऊन राहायचे. नातीचा ळ सुधारायचा त्यांनी विडाच उचलला होता. हॉलमधल्या गालिच्याची कड ही रेघ धरून दोघं तळ्यात-मळ्यात खेळायचे. आबा खुर्चीत बसून पुकारणार, ही उड्या मारणार. आबांची खोड अशी, की ‘तळ्यात’ दोनदा म्हणायचे आणि मग बराच वेळ गप्प बसायचे. ही कंटाळून जरा ढिली पडली की हळूच ‘मळ्यात’. ती चिडायची, “आबा, दॅट्स चीटिंग.” मग तिने पुकारायचं. ती म्हणायची ‘तल्यात’ आणि आबा बसल्या जागेवरून दुरुस्त करायचे, ‘तळ्यात’. जाताना विमानतळावर म्हणाले होते, “बाळ, पुढच्या थंडीत तुझा ळ करून घेतो बघ.”

जूनमध्ये आबा गेले. झोपेतच. आम्ही तिघंही चिपळूणला गेलो होतो. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं, आणि रेवा कुणालातरी सांगत होती की आबा अजून माझ्या ‘डोल्यासमोर’ आहेत. चुलत भावंडं हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. त्या दिवसापासून रेवाने मराठी सोडलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. शुभदा म्हणायची, येईल हळूहळू. सहा महिने झाले तरी आलं नव्हतं. घरात तीन माणसं असून दोन भाषांत दोन वेगळी घरं झाल्यासारखं वाटायचं. आबांबरोबर आणखी काहीतरी कायमचं जातं आहे, ही भीती मला होती. कुणापाशी बोललो नव्हतो इतकंच.

डिसेंबरच्या सुट्टीत आमच्या कंपनीच्या स्टोअरचा सालेम म्हणाला, शुक्रवारी माझ्या गावाला चला. सालेम ओमानी, पन्नाशीचा. मी इंजिनियर नाही हे त्याला वीस वेळा सांगितलंय, तरी तो मला ‘मुहंदिस’च म्हणतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सात-आठ घरांचं गाव आहे आणि तिथे गर्दी जाऊ नये. निझवाच्या पुढे डोंगरात शिरायचं, डांबर संपतं, मग फोर-व्हीलनेच जायचा खडीचा चढ. कड्याच्या पोटात चिकटवल्यासारखी मातीदगडांची घरं. त्यांच्यापुढे पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, कांदा, लसूण, डाळिंबाची निष्पर्ण झाडं. शेवटच्या पायरीच्या कडेने हातभर रुंदीचा पाण्याचा पाट वाहतो, इकडे त्याला फलज म्हणतात. पाटाच्या पलीकडे दीडेक हात रुंद दगडांची कड आणि तिच्यानंतर काही नाही. खोल दरी. समोर दुसरा कडा, उभा, भाजलेल्या रंगाचा.

गावात शिरताना एक गोष्ट दिसली होती. खालच्या शेतातल्या भावाला बोलवायला सालेमने हाक मारली नाही, लाल फडकं हलवलं. मला वाटलं, अंतर जास्त असेल.

जेवण झालं, कहवा आणि खजूर झाले, आणि सालेम नमाजाला गेला. आम्ही तिघं शेवटच्या पायरीवर उन्हात बसलो. फोनला रेंज नाही, त्यामुळे रेवा कंटाळलेली. मी म्हटलं, समोर एवढा कडा आहे, ओरडून बघ, प्रतिध्वनी येईल. तिने ‘हॅलो’ म्हटलं. काही आलं नाही. ‘रेवा’ म्हणून ओरडली. काही नाही. मीही एकदा ओरडलो. आवाज तोंडातून निघाला आणि संपला, उशीत ओरडल्यासारखा.

शुभदा मोबाइलवर शेतांचा व्हिडिओ काढत होती. रेवा पाटाच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारायला लागली. शुभदाने एकदा हटकलं, कडेला जाऊ नको म्हणून. ती अलीकडे आली, जरा थांबली आणि दरीकडे तोंड करून म्हणाली, “तल्यात.”

सहा महिन्यांतला तिचा पहिला मराठी शब्द. मी आणि शुभदाने एकमेकांकडे पाहिलं. बोललो तर ती गप्प होईल असं वाटलं.

आणि समोरून आलं, “तळ्यात.”

आवाज पुरुषाचा की बाईचा हे सांगता येणार नाही. बारीक होता, नळीतून आल्यासारखा. ओळखीचा वाटला असं मी म्हणणार नाही, ते नंतर मनाने भरलेलं असू शकतं. पण ळ स्वच्छ होता. तिने ल पाठवला होता आणि ळ परत आला होता.

शुभदा सहज म्हणाली, “पलीकडे कुणीतरी आपली माणसं आहेत वाटतं.” आपल्याला तसंच वाटतं, नाही का? मराठी माणसं कुठेही भेटतात.

रेवा हसली. मोठ्याने, पूर्वीसारखी. “तल्यात,” ती पुन्हा म्हणाली आणि पाट ओलांडून थेट कडेवरच्या दगडांवर जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे, पाय जुळवलेले, खेळात पुढच्या पुकाऱ्याची वाट बघताना उभी राहायची तशी. या वेळी समोरून काहीच आलं नाही. मी उठलो. हाक मारली तर दचकेल म्हणून हाक मारली नाही, हळू चालत निघालो. मध्ये आठ-दहा पावलांचं अंतर होतं. दरी अगदी गप्प होती. रेवाचे खांदे सैल झाले, ती जरा पुढे वाकून खाली बघायला लागली.

“मळ्यात.”

हे आमच्यापैकी कुणी पुकारलं नव्हतं. रेवाने तोंड उघडलं नव्हतं, आम्हीही नाही. रेवाने विचार न करता, गालिच्यावर मारायची तशी, मागे उडी मारली आणि पाट ओलांडून कांद्याच्या वाफ्यात येऊन पडली. म्हणजे अक्षरशः मळ्यातच. तिची उडी पुरी होते न होते तोच ती उभी होती तो दगड कलला आणि गेला. खाली पडल्याचा आवाज आम्ही ऐकला. एकदाच.

मी तिला इतकं घट्ट धरलं की तिच्या दंडावर माझी बोटं उठली. ती रडली नाही. चिखलाचे हात माझ्या शर्टला पुसत म्हणाली, “बाबा, आबा असंच करायचे. तळ्यात म्हणून बराच वेळ गप्प, मग मळ्यात.”

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. ळ स्वच्छ आला होता, रेवाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सालेम आला तेव्हा मी त्याला विचारलं, समोर कोण राहतं? त्याने त्या कड्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “उधर कोई नहीं, मुहंदिस. रास्ता भी नहीं है.” आवाजाचं सांगितलं तर मान हलवून म्हणाला, “इधर आवाज जाता है, वापस नहीं आता. बकरी भी नहीं सुनता. इसलिए कपडा.” मग पाटाच्या कडेला गेला, दगड निसटल्याची जागा पाहिली, हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटला आणि रेवाच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन मी जे मोजता येतं ते मोजलं. नकाशावर समोरचा कडा सरळ रेषेत किलोमीटरच्या वर आहे. तिथून आवाज परत यायला सहा-सात सेकंद लागायला हवेत. हा लगेच आला, समोरच्या अंगणातून यावा तसा. आणि प्रतिध्वनी उच्चार सुधारत नाही. ट्रेकिंगला आलेली मराठी मुलं असतील असंही धरून पाहिलं. दोर लावून त्या कड्यावर चढणारे असतील, हा खेळही त्यांना ठाऊक असेल, मानू. पण आबांची खोड त्यांना कुणी सांगितली?

मग व्हिडिओ. त्यात सगळं आहे. रेवाचं ‘तल्यात’ आहे. मग थोडी शांतता, पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि शुभदा म्हणते, “पलीकडे कुणीतरी आपली माणसं आहेत वाटतं.” कशाला उत्तर म्हणून म्हणते, ते त्यात नाही. पुढे रेवा कडेवर उभी आहे, शांतता, आणि ती एकदम मागे उडी मारते. आम्ही तिघांनी जे ऐकलं त्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. आवाज पूर्ण वाढवून, हेडफोन लावून ऐकलं आहे. पाणी ऐकू येतं. बाकी काही नाही.

रेवा आता मराठीत बोलते. चुकत-माकत, मध्ये इंग्रजी घालून, पण बोलते. ओळखीच्या एक स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या की या वयात एखादा अडलेला उच्चार अचानक सुटू शकतो. असेल. त्याने ळ सुटतो, दगडाचं कोडं सुटत नाही.

मध्यंतरी सालेमने पुन्हा बोलावलं. कड बांधून काढली म्हणाला, आता भीती नाही. मला जायचं होतं. टेप, रेकॉर्डर, सगळं घेऊन, आणि एकदा नीट शहानिशा करून हा विषय संपवायचा होता. रेवाला विचारलं, येतेस का? ती गालिच्याच्या कडेवर बसून नखं खात होती.

मग म्हणाली, “नको बाबा. आपण हाक मारली आणि या वेळी काहीच नाही आलं तर?”

‘वेळी’ तिने अगदी स्वच्छ म्हटलं. मी सालेमला काहीतरी कारण सांगितलं. अजून गेलेलो नाही.